चक्रमुद्रित प्रतींचे जतन

१९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, तेव्हा वसई तालुका ठाणे जिल्ह्यात होता. छायाप्रती काढणारी यंत्रे त्या काळी कार्यालयांत नव्हती. कार्बन कागदाने पाचसहा सुवाच्य प्रती निघत. गावोगावच्या पंचायतींना व शाळांना परिपत्रक धाडावयाचे तर चक्रमुद्रणाचा, म्हणजेच सायक्लोस्टाइलचा, आधार घ्यावा लागे. टंकयंत्राची फीत बाजूस सारून मेणकागदावर अक्षरे ठोकीत. ठोका हलका पडल्यास अक्षर उमटत नसे. जोराचा बसल्यास त्याची गोलाई कापून निघे व तेथे शाईचा डाग पडे. नजरेतून सुटलेली चूक प्रत्येक गावी पोचे, त्यामुळे मसुदा ताडून पाहणे हे यंत्र फिरविण्याहून जोखमीचे काम होते.

जुन्या दप्तरांतील या प्रतींची शाई काजळीची असल्याने सहसा फिकी पडत नाही. धोका कागदाला आहे. शाई शोषणारा तो स्वस्त, खरखरीत कागद कालांतराने पिवळा व ठिसूळ होतो. वसईच्या खाडीकाठच्या दमट हवेत त्यास बुरशीही लवकर धरते. ठरावाची अशी प्रत घडीवर तुटण्यापूर्वीच सपाट ठेवून तिची संगणकीय प्रतिमा घ्यावी. मेणकागदावर कोरलेली स्वाक्षरी सर्व प्रतींवर सारखीच उमटे. तेव्हा शाईने सही केलेला मूळ कागद आढळल्यास तो निराळा जपावा.