दीड हजारांनी काय होतं?

प्रश्न : नवऱ्याने टाकलंय, दोन मुलं आहेत. चार घरची धुणीभांडी करते. ‘लाडकी बहीण’च्या दीड हजारांनी काय होणार, असं भाऊ म्हणतो. आणखी काही मिळेल?

उत्तर : ताई, दीड हजारांत घर चालत नाही, भाऊ खोटं बोलत नाही. पण पैसे थेट तुमच्या खात्यात येतात. वाण्याची उधारी आटोक्यात राहते. मालकिणीकडे उचल मागावी लागली नाही, की पगारवाढ मागायला तोंड उघडतं. हा फरक मला मोठा वाटतो. हप्ता मात्र लांबतो, म्हणून घरभाडं त्यावर ठेवू नका.

बालसंगोपन योजनेचाही अर्ज करा. एकल पालकाच्या मुलाला वयाच्या १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा. मंजुरी बालकल्याण समिती देते.