नव्याने रंगवलेल्या अलॉय चाकांची राखण



नव्याने रंगवलेल्या अलॉय चाकाला रस्त्यावरच्या चिखलापेक्षा ब्रेकची धूळ अधिक भोवते. डिस्कवर पॅड घासताना लोखंडाचे तापलेले बारीक कण उडून रिममध्ये रुततात आणि ओलावा लागताच गंजतात. त्यांचे तपकिरी ठिपके साध्या धुण्याने जात नाहीत. म्हणून चाकावर संरक्षक थर द्यायचा तो पहिल्या फेरीआधीच. चाक पुन्हा इतके स्वच्छ कधी मिळत नाही.

मात्र रंग पक्का झाला आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. पावडर कोटिंग साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजलेले असते. गार झाले की ते तयार. फवाऱ्याने मारलेले लॅकर वरून कोरडे लागले तरी आतून वाळायला कित्येक दिवस घेते. त्यावर घाईने थर चढवला तर आतला द्रावक कोंडतो. किती दिवस थांबायचे ते रंगवणाऱ्यालाच विचारावे. लेथवर कातून चकचकीत केलेल्या चाकाची काळजी सर्वांत जास्त घ्यावी लागते, कारण त्याच्या उघड्या ॲल्युमिनियमवर पारदर्शक लॅकरचा पातळ थर तेवढा असतो.

थरासाठी मेण, कृत्रिम पॉलिमरचे सीलंट आणि सिरॅमिक कोटिंग असे पर्याय आहेत. कार्नोबा मेण ८५ अंशांच्या आसपास वितळते. घाट उतरताना ब्रेकजवळची चाके चांगलीच तापतात, त्यामुळे मेण तिथे फार टिकत नाही. सीलंट काही महिने पुरते, सिरॅमिक त्याहून अधिक.

चाक सौम्य शाम्पूने धुऊन पूर्ण कोरडे करावे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा काढावा. मग सावलीत, थंड चाकावर, थोड्या थोड्या भागात कोटिंग पसरून डब्यावर सांगितलेल्या वेळेत मायक्रोफायबरने पुसून घ्यावे. उशीर झाला तर डाग धरतात. त्यानंतर किमान एक दिवस पाणी लागू देऊ नये. पावसाळ्यात हे काम बंद खोलीतच करावे.

दिसणारी बाजू सगळेच चमकवतात. खरे काम आतल्या नळकांड्याचे आहे. धूळ तिथेच साचते आणि चाक गाडीवर असताना हात पोचत नाही. टायर चढवण्याआधी आतून थर दिला तर पुढची वर्षे ब्रशच्या दोन हातांत धूळ निघते. हबला टेकणारा पृष्ठभाग आणि नटाच्या बैठका मात्र कोऱ्या ठेवाव्यात. तिथे रंगाचा वा कोटिंगचा जाड थर राहिला तर तो दाबाने बसतो आणि नट सैल होतात. इथे जीवाशी गाठ आहे. नट टॉर्क पान्यानेच, गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाने आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

टायरवाल्याला आधीच सांगून ठेवावे की बॅलन्सिंगची वजने आतून चिकटवायची. काठावर ठोकायची नाहीत. ठोकलेल्या क्लिपखाली लॅकर फुटते. फुटलेल्या जागेतून खारट ओलावा शिरला की लॅकरखाली पांढऱ्या धाग्यांसारखा गंज पसरत जातो. कोकणात आणि गोव्यात, समुद्राच्या वाऱ्यात, हे लवकर घडते. खोल ओरखडा दिसताच त्याच आठवड्यात टच-अप रंगाने बुजवून घ्यावा. कोणतेही कोटिंग दगडाचा मार अडवत नाही.

पुढची निगा फारशी नाही. दर पंधरवड्याला गार चाक सौम्य शाम्पूने धुवावे. वॉशिंग सेंटरवर ॲसिड मारू देऊ नये, कारण ते लॅकर आणि ॲल्युमिनियम दोन्ही खाते. तारेचा ब्रशही नको. रुतलेल्या लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. तो कणांना लागून जांभळा होतो. चाकावर वाळण्याआधी तो भरपूर पाण्याने धुऊन टाकावा. पाण्याचे थेंब गोळा होऊन घरंगळेनासे झाले की नवा थर द्यायची वेळ आली.