घराचे काम आणि परवानगी : कुठे कागद लागतो, कुठे लागत नाही?

पावसाळ्यापूर्वीचे दोन-तीन महिने आमच्या हिंगणीत गवंड्याला फुरसत नसते. कुणाला कवेलू फेरायचे असतात, कुणाला न्हाणीत फरशी बसवायची असते, कुणाला ओसरी बंद करून दुकान काढायचे असते. आपण या तिन्ही कामांना "घराचे काम" असे एकच नाव देतो. कायदा मात्र त्यांच्यात फरक करतो आणि तो फरक माहीत नसल्याने आपले लोक दोन्हीकडून नुकसान सोसतात. काहीजण भीतीपोटी साधी दुरुस्तीही टाळतात आणि गळक्या छपराखाली माल भिजवतात. काहीजण "जागा आपली, भिंत आपली, इजाजत कुणाची घ्यायची?" असे म्हणून थेट स्लॅब टाकतात. म्हणून लहान व्यापारी व घरमालक बंधू-भगिनींसाठी ही माहिती.

मूळ नियम

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ नुसार गावाच्या हद्दीत पंचायतीच्या पूर्वपरवानगीशिवाय इमारत बांधता येत नाही, तसेच पुन्हा बांधताही येत नाही. यातला "पुन्हा बांधणे" हा शब्द नीट लक्षात घ्यावा. जुने मातीचे घर पाडून त्याच जागी विटांचे घर उभे करणे ही दुरुस्ती नव्हे. "वडिलांच्या वेळेपासून इथे घर होतेच" हे उत्तर तिथे चालत नाही.

परवानगी न लागणारी कामे

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४३ मध्ये सूट दिलेली कामे सांगितली आहेत. घराची देखभाल, सुधारणा किंवा फेरफार फक्त आतल्या भागापुरता असेल, किंवा त्याने बाहेरच्या स्वरूपात महत्त्वाचा बदल होत नसेल, तर परवानगी लागत नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर :

१) चुना, रंग, गिलावा, भेगा बुजवणे.
२) फरशी बदलणे, स्वयंपाकाचा ओटा नव्याने करणे.
३) फुटलेले कवेलू किंवा गंजलेले टिन काढून त्याच उंचीवर तसेच बसवणे.
४) वाळवी लागलेली चौकट काढून त्याच जागी नवी बसवणे.
५) आत लाकडी आडोसा, मांडणी किंवा कपाट करणे.
६) शेतीच्या नेहमीच्या कामात विहीर खोदणे, तसेच केवळ शेतात जाण्यासाठी रस्ता करणे.

यातले तिसरे काम कापडवाल्याने कधीच टाळू नये. एका रात्रीच्या गळतीने थानांना जो डाग पडतो तो धुऊन जात नाही, आणि तो माल पुढे निम्म्या भावातही कुणी उचलत नाही.

परवानगी लागणारी कामे

अंगणात नवी खोली काढणे, भिंती उंच करून स्लॅब टाकणे, वर मजला चढवणे, छज्जा रस्त्यावर काढणे, ही कामे परवानगीशिवाय करू नयेत. सामाईक भिंतीला हात लावण्याआधी शेजाऱ्याची लेखी संमती घ्यावी. पंचायतीला दिसो वा न दिसो, दुसऱ्याची वीतभर जमीन दाबणाऱ्याला हदीस शरीफमध्ये किती कडक इशारा आहे, हे आपण सारे जाणतो.

व्यापाऱ्याचा पाय घसरतो तो मात्र दुसऱ्याच ठिकाणी. वरील १९६६ च्या कायद्यात जागेच्या वापरातील महत्त्वाचा बदल हासुद्धा "विकास" धरला आहे. म्हणजे एकही वीट न रचता राहत्या ओसरीचे दुकान किंवा गोदाम केले, तरी प्रश्न उभा राहू शकतो. शटर बसवण्यापूर्वी चौकशी करावी, नंतर नाही.

१६०० आणि ३२०० फुटांचा घोटाळा

डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. त्यानंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये तेव्हाचे ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ यांनी जाहीर केले की, ग्रामीण भागात सुमारे ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील बांधकामासाठी नगररचनाकाराच्या परवानगीची गरज राहणार नाही. गावात याचा अर्थ "आता परवानगीच नाही" असा पसरला. तो चुकीचा आहे. खरी रीत अशी :

पहिला वर्ग, भूखंड १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे १६०० चौरस फूट. येथे मालकीचा कागद, मोजणी नकाशा किंवा लेआउट, इमारतीचा नकाशा, तो नियमावलीप्रमाणे असल्याचे परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र आणि विकास शुल्काची पावती ग्रामपंचायतीत दाखल करून काम सुरू करता येते. वेगळी मंजुरी नाही, पण कागद द्यावेच लागतात.

दुसरा वर्ग, भूखंड ३०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३२०० चौरस फूट. येथे ग्रामपंचायत कागद तपासते, शुल्क किती ते दहा दिवसांत कळवते आणि शुल्क भरल्यावर दहा दिवसांत परवानगी देते.

हे माप भूखंडाचे आहे, बांधकामाचे नाही. ३० बाय ५० चा भूखंड १५०० चौरस फूट होतो, तो पहिल्या वर्गात बसतो. ४० बाय ५० च्या भूखंडावर दोनच खोल्या काढल्या तरी भूखंड २००० चौरस फुटांचा आहे, म्हणून तो दुसऱ्या वर्गात जातो.

शेतातल्या घराची गोष्ट वेगळी आहे. अवजारे, चारा, गुरे आणि कसणाऱ्या कुटुंबाचे राहणे यांसाठी असलेली इमारत जमीन महसूल संहितेत "शेतीची इमारत" धरली जाते. त्यात कापडाचे गोदाम बसत नाही. हिंगणीच्या पुढे बोर धरण आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प झालेले जंगल आहे. त्या बाजूला जमीन असेल तर तलाठ्याबरोबर वन विभागाकडेही आधी विचारावे.

माझी स्वतःची चूक

२००६ साली ईद आणि दिवाळी एकाच आठवड्यात आल्या होत्या. कापड व्यापाऱ्याला असा हंगाम वारंवार मिळत नाही. त्याच्या आदल्या वर्षी मी ओसरीला शटर लावून मागे १० बाय १२ चे गोदाम बांधले होते. परवानगी घेतली नव्हती. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. "अभिन्यास", "पूर्वपरवानगी" अशा शब्दांचा अर्ज पाहूनच मी तो बाजूला ठेवला होता. कुणाला विचारायची लाज वाटली, हे खरे कारण.

हंगामासाठी मी बँकेकडे रक्कम मागितली. साहेबांनी मंजूर नकाशा मागितला. माझ्याकडे घरपट्टीच्या पावत्या होत्या, नकाशा नव्हता. बँकेचे काही चुकले नाही. शेवटी ठोक व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने उधारीवर माल उचलला. विक्री भरपूर झाली, पण नफा त्या चढ्या भावातच गेला. गोदामाला लागलेला पैसा भिंतीत होता, पण कागदावर त्याची किंमत शून्य होती.

येथे एक गोष्ट सांगणे जरूर आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे. घरपट्टी भरली म्हणून मालकी किंवा बांधकाम कायदेशीर ठरत नाही. स्वामित्व योजनेत (२०२०) ड्रोन मोजणीनंतर गावठाणातील घरांना मालमत्ता पत्रक मिळते. आपल्या गावी मोजणी झाली असेल तर ते पत्रक काढून त्यावरील क्षेत्र प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहावे. भावाभावांत वाटणी व्हायची असेल तर ती आधी कागदावर आणावी, भिंत नंतर घालावी.

नोटीस आली तर

नोटीस आली की घाबरून घर सोडू नये आणि ती फाडूनही टाकू नये. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सांगितले आहे की, कोणी आरोपी आहे एवढ्यावरून त्याचे घर पाडता येत नाही. पाडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस नोंदणीकृत डाकेने द्यावी आणि ती घरावरही चिकटवावी, समक्ष सुनावणी घ्यावी, अंतिम आदेशानंतरही १५ दिवस थांबावे आणि कारवाईचे चित्रीकरण करावे. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी-जलाशय अशा सार्वजनिक जागेवरील अतिक्रमणाला किंवा कोर्टाच्या आदेशाने होणाऱ्या कारवाईला हे संरक्षण नाही. नोटिशीवर तारीख लिहून ठेवावी, मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि पोच घ्यावी. सुनावणीत आपल्या बाजूने बोलणार तो हातातला कागदच.

तात्पर्य

आतले काम निर्धास्त करावे. बाहेरची भिंत, उंची किंवा वापर बदलत असेल तर आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी विचारावे. परवानगी लागत नसेल तरीही कामाआधीचा व नंतरचा फोटो, मिस्त्रीची पावती आणि साहित्याची बिले एका फाइलीत जपावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे आणि दुकानात आपण ती पाळतो. घराच्या बाबतीतही तोच शिरस्ता ठेवावा. ज्यांना सरकारी मराठी जड जाते त्यांनी शिकलेल्या मुलामुलींना जवळ बसवून अर्ज वाचून घ्यावा. त्यात कसलीही लाज नाही. लाज धरल्याची किंमत मी एका हंगामात मोजली आहे.