सडपातळ देह आणि मेदयुक्त यकृत

संयुत्त निकायातील दोणपाक सुत्तात कोसलनरेश पसेनदि द्रोणभर भात जेवून, धापा टाकीत भगवान बुद्धांच्या भेटीस येतो. भगवंत त्याला उपवास सांगत नाहीत, मात्रा सांगतात. राजा सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा आपल्या जेवणाच्या वेळी म्हणावयास नेमतो आणि हळूहळू नाळीभर भातावर येतो. आजच्या शरीरशास्त्राच्या उजेडात ही कथा पुन्हा वाचण्याजोगी आहे.

जेवणानंतर रक्तातील साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. त्याच्या आदेशाने स्नायू साखर आत घेतात आणि यकृत स्वतःची साखरनिर्मिती आवरते. गरजेहून अधिक अन्न वर्षानुवर्षे येत राहिले, की त्वचेखालील मेदाची कोठारे अपुरी पडतात. मग मेद पोटाच्या पोकळीत व यकृताच्या पेशींत साठतो. असे यकृत इन्सुलिनला जुमानीत नाही. रात्रभर पोट रिकामे असताही ते साखर सोडीत राहते. म्हणून सकाळची उपाशीपोटीची साखर वाढलेली आढळते. स्वादुपिंड मग अधिक इन्सुलिन ओतते, आणि खरी मेख येथेच आहे. साखर आवरण्याचा आदेश न ऐकणारे यकृत मेद बनविण्याचा आदेश मात्र ऐकते! कारण कोणते नि परिणाम कोणता, हे या चक्रात वेगळे काढणे अवघड.

‘आमच्या घरात कोणी लठ्ठ नाही’ असे म्हणणाऱ्या पालकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेले एक छायाचित्र पाहावे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन त्यात आहेत. दोघांचा देहभार निर्देशांक सारखाच, २२.३, पण शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के. तेव्हा वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी: कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की सावध व्हावे.

अर्नाळ्याच्या ताटात मासळी आहे, ही जमेची बाजू. प्रश्न आहे तो तिच्यासोबतच्या भाताच्या राशीचा, तांदळाच्या भाकरीचा आणि दिवसभरातील गोड चहाचा. जाळी ओढणाऱ्या, पाटी वाहणाऱ्या देहाला ते पचत असे. लोकलने कचेरी गाठणाऱ्या मुलाला तेच ताट भारी पडते. वजन जास्त असलेल्याने ते सात ते दहा टक्क्यांनी उतरविले, तर यकृतातील मेद लक्षणीय घटतो.

सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ असे आले तरी पुष्कळजण तो कागद कपाटात ठेवून देतात, कारण दुखत काहीच नसते. त्याच आठवड्यात उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी तपासून घ्यावी.