कुत्र्याचा स्नायू दुखावला, तर खर्च किती? अंबरनाथ पूर्वेच्या पालकांसाठी हिशेब

चेंडूमागे धावताना एकदम वळणं, सोफ्यावरून उडी, पावसाळ्यात इमारतीच्या ओल्या जिन्यावर पाय घसरणं. एवढ्यानं कुत्रा लंगडू लागतो. स्नायूंच्या बहुतेक दुखापती शस्त्रक्रियेशिवाय बऱ्या होतात. पैसे लावायचे ते नीट तपासणीवर. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा उपचार म्हणजे विश्रांती.

खालचे आकडे बजेट आखण्यापुरते ढोबळ आहेत. कुत्र्याचं वजन आणि दवाखाना यांप्रमाणे ते बदलतील, म्हणून आधी फोन करून विचारा.

तपासणी

• पहिली तपासणी: 300 ते 700 रुपये
• फेरतपासणी: प्रत्येकी 300 ते 500 रुपये, साधारण दोनदा
• रक्ततपासणी: 500 ते 1,000 रुपये
• एक्स-रे: एका फोटोचे 600 ते 1,200 रुपये, बहुधा दोन लागतात

एक्स-रेमध्ये हाड दिसतं, फाटलेला स्नायू दिसत नाही. त्यासाठी डॉक्टरांची बोटं आणि गरज पडल्यास सोनोग्राफी. मागचा पाय असेल तर डॉक्टर एका हातानं मांडीचं हाड आणि दुसऱ्या हातानं नडगी धरून ती पुढे सरकते का पाहतात. सरकली, तर गुडघ्याचा अस्थिबंध तुटल्याची शक्यता असते आणि खर्चाचं गणितच बदलतं. मांडीचा सांधा मागे ताणून जांघेत दाबल्यावर कुत्रा कळवळला, तर तिथला खोल स्नायू दुखावलेला असू शकतो. हे दोन्ही केलं का, ते विचारा.

रक्ततपासणी टाळू नका. गोचीड तापातही सांधे सुजून कुत्रा लंगडतो, आणि गोचिड्या आपल्याकडे भरपूर.

औषधं: 400 ते 800 रुपये

मेलॉक्सिकॅमसारखी वेदनाशामकं वजन पाहूनच देतात. घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी कधीही देऊ नका. पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अशी गोळी आधीच दिली असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

घरचा उपचार: 500 ते 1,000 रुपये

एवढ्यात छातीचा पट्टा आणि काथ्याच्या चटया येतात. आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर कुत्र्याचे पाय फाकतात आणि भरत आलेला स्नायू पुन्हा ताणला जातो. पाण्याच्या भांड्यापासून झोपायच्या जागेपर्यंत आणि दारापर्यंत चटया सलग अंथरा. लिफ्ट नसेल तर लहान कुत्र्याला उचलून न्या. मोठ्याच्या पोटाखालून टॉवेल घालून मागचा भार तुम्ही घ्या.

पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ, दर वेळी 10 ते 15 मिनिटं. त्यानंतर डॉक्टरांना विचारून कोमट शेक. फिरणं पट्ट्यावरच, सुरुवातीला पाच मिनिटं, मग हळूहळू वाढवत. सौम्य दुखापतीला दोन-तीन आठवडे लागतात, मध्यम असेल तर चार ते सहा. लंगडणं थांबलं म्हणजे स्नायू भरला असं नाही. शिंप्याच्या टेपनं दोन्ही मांड्यांचा घेर एकाच जागी मोजा आणि दर आठवड्याला लिहून ठेवा. दुखऱ्या बाजूचा घेर दुसऱ्या मांडीइतका होत आला की मोकळं सोडण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

फिजिओथेरपी: एका वेळचे 800 ते 1,500 रुपये

सौम्य दुखापतीला हिची गरज सहसा पडत नाही. दुखणं लांबलं किंवा मांडी बारीक झाली, तर सहा वेळा तरी धरा. हात-पाय हलवण्याचे व्यायाम एकदा समोर शिकून घेतले तर घरी करता येतात.

एकूण

• सौम्य दुखापत: सुमारे 2,300 ते 4,500 रुपये
• एक्स-रे आणि फिजिओथेरपीसह: सुमारे 8,300 ते 16,000 रुपये

खासगी खर्च झेपत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नाममात्र शुल्कात तपासणी होते. गुंतागुंत असेल तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट, म्हणजे आपलं बैलघोडा हॉस्पिटल, किंवा महालक्ष्मीला 2024 मध्ये सुरू झालेलं टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय आहे. अंतर पन्नासेक किलोमीटर. गाडीभाडं हिशेबात धरा आणि वेळ ठरवूनच निघा.

थांबू नका

पाय दिवसभर अजिबात टेकत नाही, मागचे पाय फरफटतात, लघवी होत नाही, हाड वाकडं दिसतं, किंवा ताप 103 अंश फॅरनहाइटच्या वर आहे. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पैसे देताना

डॉक्टर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणीकृत आहेत ना, ते पाहा. उपचारांचा अंदाज आधी लेखी मागा, बिल घ्या, एक्स-रेची प्रत स्वतःकडे ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर तोच खर्च पुन्हा होणार नाही. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. विमा काढायचा असेल तर कुत्रा ठणठणीत असतानाच काढा. आधीची दुखापत त्यात सहसा धरत नाहीत.

पैसे मोजकेच असतील तर ते तपासणीवर, औषधावर आणि चटयांवर खर्च करा, आणि डॉक्टर सांगतील तितके आठवडे त्याला धावू देऊ नका.