लाल रंग दिसेपर्यंत

१. जेलला आपली घाई कळत नाही. व्होल्टेज वाढवलं की प्रथिनं पळतात, पण जेल तापतं आणि मधल्या लेन कडेच्या लेनना मागे टाकतात. सरळ रेषेतले बँड हवे असतील तर बसायचं. मी तेवढ्यात लेबलं लिहिते. तीही वाकडीच येतात.

२. खरी फजिती ट्रान्सफरची, म्हणजे जेलमधली प्रथिनं मेम्ब्रेनवर नेण्याची. जेल चालताना निळा रंग सरकताना तरी दिसतो; इथे काहीच दिसत नाही. स्पंज, फिल्टर पेपर, जेल, मेम्ब्रेन, पुन्हा पेपर, स्पंज, की टाकी बंद. एसडीएस या डिटर्जंटमुळे प्रथिनांवर ऋण भार असतो, ती धनाग्राकडे निघतात. मेम्ब्रेन त्याच बाजूला हवी, नाहीतर सगळा माल बफरमध्ये. हे वर्षानुवर्षं पाठ आहे, तरी झाकण लावताना ‘काळ्याकडे जेल, लालकडे मेम्ब्रेन’ असं पुटपुटते. नव्या मुलांना वाटतं, बाई जप करतायत.

३. बुडबुडा छोटा नसतो. हवा अडकली तिथून प्रवाह जात नाही, आणि नेमका आपल्याच बँडवर पांढरा गोल उमटतो. रोलर सापडत नसेल तर टेस्ट ट्यूब फिरवावी.

४. सगळ्या प्रथिनांना एकच वेळ लावणं हा अन्याय आहे. २०० किलोडाल्टनचं प्रथिन जेल सोडता सोडत नाही. १५ चं मेम्ब्रेनमधून आरपारही निघून जातं. मोठ्यांसाठी मिथेनॉल कमी, कोल्ड रूममध्ये रात्रभर ३० व्होल्ट, लहानांसाठी ०.२ मायक्रॉनची मेम्ब्रेन. दोन्ही एकाच ब्लॉटवर मागणारे गाईड मात्र सगळीकडे भेटतात.

५. आपण चालवतो ते लेम्लींचं जेल जगभर वापरलं जातं, पण १९७० च्या त्या मूळ लेखाचा विषय टी४ विषाणूचं डोकं कसं जुळतं हा! शीर्षकात जेलचं नावही नाही. माझ्या प्रबंधातलं काय टिकेल याचा अंदाज बांधणं मी हे कळल्यापासून सोडलं.

६. बँड न दिसणं दोन तऱ्हेचं असतं: प्रथिन मुळात नव्हतं, किंवा मेम्ब्रेनवर पोचलंच नाही. प्रथिन शोधणाऱ्या अँटिबॉडीला यातला फरक कळत नाही, पाँसो या लाल रंगाला कळतो. काही मिनिटांत लेनभर लाल बँड, आणि पाण्यानं धुतलं की जातात. तेवढीही मिनिटं वाचवावीशी वाटतात, हे मला अजून नवल वाटतं. तुमचा ब्लॉट कोरा आला असेल, तर अँटिबॉडीला शिव्या देण्याआधी पाँसोचा फोटो दाखवा. मग बोलू.