वाहनाच्या बाहेरील प्लॅस्टिक भागांना घरच्या घरी रंग कसा द्यावा?

छत्रपती संभाजीनगर ते जालना रस्त्यावरील शेंद्रा, कुंभेफळ, करमाड या पट्ट्यात आता बहुतेक शेतकऱ्यांच्या दारात मोटारसायकल, पिकअप किंवा मोटार उभी असते. जाधववाडीच्या बाजारात माल नेणे, खते-बियाणे आणणे, मजुरांची ने-आण करणे ही कामे याच वाहनांवर होतात. मात्र वाहनासाठी शेड फार थोड्यांकडे असते. वाहन बारा महिने उघड्यावर उभे राहते. चार-पाच उन्हाळ्यांत पत्र्याचा रंग टिकून राहतो, परंतु बंपर, आरशाची टोपणे, चाकांवरील कमानी, दरवाजाच्या पट्ट्या आणि वायपरखालची जाळी हे काळे प्लॅस्टिक भाग पांढुरके पडतात. असे भाग रंगविण्यासाठी अनेकजण बाजारातून काळ्या रंगाचा फवारा आणून थेट मारतात. पहिल्या पावसाळ्यातच तो रंग पापुद्र्यांनी सुटतो आणि भाग पूर्वीपेक्षा अधिक विद्रूप दिसतो. यात दोष बहुधा रंगाचा नसतो, पूर्वतयारीचा असतो. ती शास्त्रशुद्ध कशी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

प्लॅस्टिक पांढुरके का पडते?

वाहनाचे बाहेरील काळे भाग बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे असतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे या प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या पृष्ठभागावर तुटतात. त्यामुळे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात आणि आतील शंखजिऱ्यासारखी भर उघडी पडते. अशा खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो आणि काळा भाग पांढुरका दिसू लागतो. हा थर बोटावर भुकटीसारखा येतो.

ही गोष्ट शेतकऱ्यांना नवीन नाही. ठिबक सिंचनाच्या नळ्या काळ्या असतात, कारण त्यांत कार्बनची बारीक काजळी मिसळलेली असते. ही काजळी अतिनील किरण शोषून घेते व नळीचे आयुष्य वाढविते. साधी प्लॅस्टिकची बादली मात्र दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते. वाहनाच्या प्लॅस्टिकमध्येही काजळी व संरक्षक द्रव्ये असतात. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि ऊन अनेक महिने कडक असते. त्यामुळे वर्षानुवर्षे उन्हात राहणाऱ्या भागातील ही द्रव्ये हळूहळू संपतात.

रंग का सुटतो?

अळूच्या पानावर पाण्याचा थेंब जसा गोळा होऊन घसरतो, तसाच प्रकार पॉलिप्रॉपिलीनवर रंगाचा होतो. हे प्लॅस्टिक रंगाला पृष्ठभागावर नीट पसरू देत नाही व धरूनही ठेवत नाही. कांद्याच्या मेणचट पातीवर औषध टिकावे म्हणून आपण फवारणीच्या द्रावणात चिकट द्रव्य, म्हणजेच स्टिकर, मिसळतो. येथे तेच काम प्लॅस्टिक प्राइमर करतो. पत्र्यासाठी वापरला जाणारा साधा प्राइमर या कामी चालत नाही.

शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ मध्ये स्कोडाच्या मोटारींची जोडणी सुरू झाली. मोटार उद्योगात बंपर रंगविताना सर्वसाधारणपणे तो आधी धुतात, नंतर ज्योतीची धग देऊन किंवा विशिष्ट प्राइमर लावून पृष्ठभाग रंग धरण्याजोगा करतात, मगच रंग देतात आणि भट्टीत सुकवितात. घरी ज्योतीचा वा भट्टीचा प्रयोग करू नये, त्यात प्लॅस्टिक वितळण्याचा व आगीचा धोका असतो. परंतु सफाई, प्राइमर आणि पातळ थर हा क्रम घरीही पाळता येतो.

रंग द्यावा की नाही?

सर्वच भागांना रंगाची गरज नसते. प्रथम भाग स्वच्छ धुऊन, सुकवून पुढीलप्रमाणे निर्णय घ्यावा.

१) भाग केवळ फिका दिसतो, बोटाला भुकटी लागत नाही : रंग देऊ नये. प्लॅस्टिकसाठी मिळणारे पॉलिश अधूनमधून लावावे. खोबरेल तेल, डिझेल किंवा वापरलेले इंजिन ऑइल लावू नये. त्यावर धूळ बसते आणि पुढे रंग द्यायचे ठरल्यास तोही धरत नाही.

२) बोटाला पांढरी भुकटी लागते व पॉलिशचा परिणाम एक-दोन धुण्यांतच जातो : असा भाग रंगविण्यास योग्य समजावा. रंगामुळे खालच्या प्लॅस्टिकवर थेट ऊन पडत नाही, हा अधिकचा लाभ होतो.

३) भागाला भेगा आहेत, दाबल्यास तडकतो किंवा खुंट्या तुटल्या आहेत : रंगावर खर्च करू नये, भाग बदलावा. रंगाने तडकलेल्या प्लॅस्टिकला मजबुती येत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकदा रंगविलेला भाग पुढे कायम रंगाचाच राहतो. शिवाररस्त्यावरील खडीने टवके उडतात व ते वेळोवेळी भरावे लागतात. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी पॉलिशवर भागवावे.

प्लॅस्टिकचा प्रकार ओळखणे

भाग काढता येत असल्यास त्याच्या मागील बाजूस प्लॅस्टिकचा प्रकार इंग्रजी अक्षरांत कोरलेला असतो. ‘पीपी’ किंवा ‘पीपी-ईपीडीएम’ असल्यास ते पॉलिप्रॉपिलीन होय. यास प्लॅस्टिक प्राइमर अत्यावश्यक आहे. ‘एबीएस’ असल्यास रंग तुलनेने सहज धरतो. खूण न सापडल्यास मागील बाजूचा नखाएवढा कपचा साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडावा. तो तरंगल्यास पॉलिप्रॉपिलीन समजावे. बुडाल्यास मात्र एबीएसच आहे असे मानू नये, कारण शंखजिरे मिसळलेले पॉलिप्रॉपिलीनही बुडू शकते. शंका असल्यास प्राइमर वापरावाच. प्लॅस्टिक जाळून परीक्षा करू नये, त्याचा धूर घातक असतो.

लागणारे साहित्य

१) धुण्याची पावडर किंवा भांड्यांचा द्रव साबण, मऊ ब्रश, स्वच्छ सुती कापड.
२) आयसोप्रोपिल अल्कोहोल.
३) ४०० व ६०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर आणि दाणेदार भागासाठी भांडी घासण्याची हिरवी घासणी.
४) मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रे, प्लॅस्टिकचा कागद.
५) प्लॅस्टिक प्राइमर आणि मोटारीच्या बाह्यभागासाठी असलेला मॅट किंवा अर्धचमक काळा रंग. ४०० मि.लि.च्या एका डब्यात सर्व थर धरून साधारण १ ते १.५ चौरस मीटर भाग होतो.
६) रबरी हातमोजे, चष्मा आणि वाफा रोखणारा, कोळशाच्या डबीचा मास्क.

प्राइमर व रंग शक्यतो एकाच कंपनीचे घ्यावेत. दोन्ही डब्यांवरील सूचना आधी वाचाव्यात.

योग्य हंगाम व जागा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने या कामास उत्तम. सकाळचे दव उडाल्यावर, वारा सुटण्यापूर्वी काम उरकावे. हवेचे तापमान १५ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. पावसाळ्यात दमट हवेमुळे रंग दुधाळ पडतो. उलट एप्रिल-मे महिन्यांत रंगाचे तुषार पृष्ठभागावर पोहोचण्यापूर्वीच सुकतात व थर खरखरीत होतो. भाग उन्हात तापलेला असताना कधीही रंगवू नये. जागा सावलीची पण मोकळ्या हवेची असावी व जमिनीवर आधी पाणी शिंपडावे, म्हणजे धूळ उडत नाही. कडब्याची गंजी, चूल, जनावरांचा गोठा आणि धान्य यांपासून दूर काम करावे.

प्रत्यक्ष कृती

१) धुणे : साबणाच्या पाण्याने भाग दोन वेळा धुवावा. खताची भुकटी, कीटकनाशकाचे डाग व चिखल कोपऱ्यांतून ब्रशने काढावा. स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण सुकवावा.

२) तेलकटपणा काढणे : कापड अल्कोहोलमध्ये भिजवून पुसावे व लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपावे. पूर्वी पॉलिश लावले असल्यास ही क्रिया तीन-चार वेळा करावी. पेट्रोल, डिझेल किंवा थिनर वापरू नये.

३) घासणे : गुळगुळीत भाग ४०० व नंतर ६०० नंबरच्या पेपरने पाणी लावून हलक्या हाताने घासावा. दाणेदार भागावर पेपर वापरल्यास दाणा जातो, म्हणून तेथे घासणीच वापरावी. पांढरी भुकटी येणे थांबेपर्यंत घासावे. पुन्हा धुऊन, सुकवून अल्कोहोलने पुसावे. यानंतर भागाला उघडा हात लावू नये.

४) झाकणे : शक्य असल्यास भाग काढूनच रंगवावा. अन्यथा पत्रा, काच, दिवे, रिफ्लेक्टर, नंबर प्लेट, कॅमेरा व सेन्सर टेप आणि कागदाने झाकावेत. यांवर रंगाचा तुषारही जाऊ देऊ नये.

५) प्राइमर : डबा दोन मिनिटे हलवावा. २५ ते ३० सें.मी. अंतरावरून, हात सतत सरकता ठेवून एक पातळ थर द्यावा. पुढील रंग डब्यावर दिलेल्या मुदतीतच द्यावा. ती टळून गेल्यास चिकटण्याचा गुण कमी होतो.

६) रंग : तीन ते चार पातळ थर द्यावेत. पहिला थर अर्धवट झाकणारा असला तरी चालतो. दोन थरांमध्ये १० ते १५ मिनिटे अंतर ठेवावे. एकाच जाड थरात काम उरकल्यास ओघळ येतात, वरून कातडे धरते व आत रंग ओला राहतो.

७) सुकविणे : शेवटच्या थरानंतर रंग किंचित ओला असतानाच टेप अलगद काढावी. २४ तास वाहन हलवू नये. आठ दिवस धुऊ नये आणि महिनाभर जोरदार पाण्याच्या झोताखाली सर्व्हिसिंग करू नये.

आधी नमुना पाहावा

नवीन औषध आपण प्रथम चार झाडांवर मारून पाहतो, तसेच येथेही करावे. भागाच्या मागील बाजूस तळहाताएवढ्या जागेवर वरील सर्व कृती करावी. दोन-तीन दिवसांनी ब्लेडने रंगावर सहा उभ्या व सहा आडव्या बारीक रेघा माराव्यात. त्यावर चिकट टेप घट्ट दाबून एका झटक्यात ओढावी. टेपवर रंगाचे चौकोन निघाले, तर सफाई किंवा प्राइमर यांत उणीव आहे असे समजावे व ती दूर करूनच पुढे जावे.

घ्यावयाची दक्षता

१) हार्डनर मिसळून वापरावयाचा टू-के रंग घरी फवारू नये. त्यातील आयसोसायनेटमुळे दम्यासारखा विकार जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल रंगाच्या वाफा अडवीत नाही.
२) पिकावरील फवारणीचा पंप रंगासाठी वापरू नये. थिनरने त्याचे वॉशर फुगतात व पंप निकामी होतो.
३) काम करताना विडी-सिगारेट ओढू नये. रंगाचे डबे उन्हात किंवा बंद वाहनात ठेवू नयेत. रिकामा डबाही जाळू नये, तो फुटतो.
४) लहान मुले व जनावरे दूर ठेवावीत. घासल्यानंतरचे पाणी विहीर, हौद किंवा चाऱ्याजवळ सोडू नये.

नंतरची निगा

खत किंवा औषधे वाहून आणल्यावर भाग साध्या पाण्याने धुवावेत. खडीने उडालेला टवका लगेच भरावा, अन्यथा तेथून पाणी आत शिरून रंग सुटू लागतो. वाहन झाडाच्या किंवा शेडनेटच्या सावलीत उभे केल्यास रंग व प्लॅस्टिक दोन्ही अधिक टिकतात.

वाहन विकावयाचे असल्यास केवळ गिऱ्हाईकासाठी रंग देऊ नये. ताजा रंग पाहून जाणकार माणूस आत काय दडले आहे याचाच शोध घेतो. परंतु वाहन आणखी काही वर्षे वापरावयाचे असेल आणि भाग मुळात शाबूत असेल, तर दोन दिवसांचे हे काम नवीन भागाचा खर्च वाचविते. त्यातील दीड दिवस सफाई व तयारीस आणि अर्धा दिवस रंगास द्यावा, म्हणजे केलेला खर्च वाया जाणार नाही.